वावराची घंटी

आमच्या घरी वावराचा फोन यायचा. आईच्या बटणांच्या फोनमध्ये त्या नंबराला बाबांनी नावच 'वावर' असं दिलं होतं. दुपार कलली की कधीतरी देवळीतला तो फोन दोनदा वाजायचा, पडद्यावर 'वावर' उमटायचं, आणि कोणी उचलायच्या आतच बंद व्हायचं. आई तो उचलायला कधी जातच नसे. हातातलं काम बाजूला ठेवून ती एकदा घड्याळाकडे बघायची आणि चहाचं आधण चढवायची. चाळीस मिनिटांनी बाबा फाटकात दिसायचे.

आमचं वावर, म्हणजे शेत, रोहिणखेडच्या बाहेर, नाल्यापलीकडच्या खोलगटात आहे. दोन्ही बाजूंना टेकाडं असल्यामुळे तिथं मोबाइलला रेंज नाही. विहिरीवर मात्र मोटरची पेटी आहे. उंच बांबूला तिचा अँटेना बांधला आहे, वर हाताच्या पंजाएवढी सौर पाटी आहे, आणि विहिरीत सोडलेली एक वायर तिला पाणी किती खोल आहे ते सांगते. पाणी तळाला गेलं की पेटी मोटर बंद करते. त्या खोलगटातून गावाशी बोलू शकणारी ती एकटीच.

दोन वर्षांपूर्वी शुगर उतरून बाबा भर उन्हात पऱ्हाटीत, कपाशीच्या झाडांत, पडले होते. तेव्हापासून आईनं नियम केला. एकट्यानं वावरात जायचं असेल तर निघताना घंटी द्यायची. घंटीनंतर चाळीस मिनिटं चालायची, वीस मिनिटं वाटेत भेटणाऱ्यांची. तासाभरात माणूस दारात आला नाही तर ती शेजारच्या चाचांना मोटरसायकल काढायला लावणार. असं तिनं दोनदा केलंही. दोन्ही वेळा बाबा कोणाच्या तरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून हरभऱ्याचे घाटे खात गप्पा मारत सापडले, आणि दोन्ही वेळा चाचांच्या मागे बसून शाळा बुडवलेल्या पोरासारखे घरी आले. बाबा तिला चिडवायचे, की लग्नात घेतला नाही एवढा माझा पत्ता आता घेते. आई म्हणायची, तेव्हा तुम्ही हरवत नव्हता.

मी तेव्हा पुण्यात होते. सात वर्षं तिथं काढली आणि मग कंपनीनं कुठूनही काम करा म्हटल्यावर लॅपटॉप उचलून गावी आले. गच्चीवरची एकुलती खोली माझी झाली. तिच्या खिडकीतून जुन्या मशिदीची दगडी भिंत दिसते. सकाळी ती राखाडी असते, दुपारी पांढरी, आणि चारच्या सुमाराला अशी पिवळी होते की बघता बघता माझं काम थांबतं. मी मुळातच अशी. समोर प्रोग्राम चालू असतो, तपासण्या एकामागून एक पार पडत असतात, आणि मी कुठंतरी भिंतीवरच्या उन्हात पोचलेली असते. आई जेवायला हाक मारायची ती तिसऱ्यांदा ऐकू यायची. तिचं म्हणणं होतं की मी गावी आले नाही, फक्त माझं दप्तर आलं.

आमची कंपनी छोटी. ती अशाच पेट्या बनवते. पेटीच्या पोटात पुष्कळ प्रोग्राम असतात, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक लायब्ररी. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, तयार कामांचा गठ्ठा. वरचा प्रोग्राम तिला विचारतो, पाणी किती खोल आहे, आणि ती वायरकडून आकडा घेऊन उत्तर देते. उत्तर देता येत नसेल तर ती हात वर करते. म्हणजे 'हे माझ्याच्यानं होत नाही' असं ओरडून सांगते. त्याला एक्सेप्शन म्हणतात. ती ओरड ऐकून काय करायचं हे वरच्यानं ठरवायचं. कोणीच ऐकली नाही तर सगळं कोलमडतं आणि पेटी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

जुनी लायब्ररी कोणीतरी फार पूर्वी लिहिलेली, आणि तो माणूसही कंपनी सोडून गेलेला. पेटीतली चिप बदलणार होती, म्हणून तीच लायब्ररी नव्यानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. अट एवढीच, की वरच्या प्रोग्रामांना बदल कळताही कामा नये. तेच प्रश्न, तीच उत्तरं. मी रोज जुनीला आणि नवीला शेजारी शेजारी बसवून हजारो प्रश्न विचारायची आणि उत्तरं जुळतात का ते पाहायची. मला ते काम मनापासून आवडायचं. दोन बायका एकच ओवी म्हणत असाव्यात आणि मी तिसरी ऐकत बसावं, तसं ते होतं. उत्तरं सगळी जुळली.

चुकांचं मात्र जुळेना. खरं सांगायचं तर मीच जुळू दिलं नाही. जुनी लायब्ररी चुकांच्या बाबतीत भयंकर गबाळी होती. समजा वायरच निघून आली, तर तिनं सरळ 'वायर नाही' म्हणावं की नाही? ती ओरडायची, 'संख्या मर्यादेबाहेर'. ही ओरड कोणाला उद्देशून आहे हेच वरच्या प्रोग्रामाला कळायचं नाही, मग सगळं कोलमडायचं. मला दुसऱ्याची चूक दिसली की हात शिवशिवतात. मी नव्या लायब्ररीत ती ओरडच काढून टाकली. वायर निघाली तर शेवटचा माहीत असलेला आकडा द्यायचा, शांतपणे नोंद करायची आणि पुढे चालायचं. किती सुंदर, असं मला वाटलं. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की आईनं केलेल्या भरल्या वांग्याचंही कौतुक केलं.

पुण्यातले माझे साहेब फोनवर म्हणाले होते, "तुला आवडो न आवडो, चुकासुद्धा जुन्यासारख्याच व्हायला हव्यात. लोकांनी त्या चुकांवर काय काय टांगून ठेवलं असेल, ते आपल्याला माहीत नसतं." मी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला. चुकीच्या चुकीवर कोण काय टांगणार, असं माझं म्हणणं. शेवटी ते दमले आणि म्हणाले की आधी एका पेटीवर चालवून बघ.

ती एक पेटी आमच्याच वावरातली. ऐन थंडीत, एका सकाळी मी बाबांबरोबर लॅपटॉप घेऊन गेले. तुरीला फुलं होती. पिवळ्या फुलांवर धुकं बसलेलं, आणि त्यातून मोटरच्या पाण्याची वाफ निघत होती. विहिरीच्या काठावर पाय सोडून बसून मी पेटीत नवी लायब्ररी घातली. अर्ध्या तासाचं काम मी दोन तास केलं, कारण उठावंसंच वाटत नव्हतं. बाबा शेजारी शेंगा सोलत होते. त्यांनी विचारलं, सगळं पहिल्यासारखंच हाये ना? मी म्हटलं, पहिल्यापेक्षा चांगलं हाये.

पुढचे तीन दिवस कापूस वेचायला बाया होत्या. बाबा त्यांच्याबरोबर गाडीतून यायचे. सोबत असली की घंटी द्यायची नाही, असा नियमच होता. चौथ्या दिवशी ते एकटे गेले.

त्या दिवशी मी खोलीत बसून नुसती खिडकीबाहेर बघत होते. नव्या लायब्ररीच्या साऱ्या तपासण्या हिरव्या आल्या होत्या. पाचच्या सुमाराला आई जिना चढून आली. गुडघ्यांमुळे ती सहसा वर येत नाही. दाराला धरून म्हणाली, "अजून घंटी आली नाही वं. पाह्य बरं तुह्या कंप्युटरात."

मी पाहिलं. मोटर बंद, पाणी बावीस फुटांवर, सगळं ठीक. तसं मी तिला सांगितलं. म्हटलं, निघाले नसतील, फवाऱ्याचे पाइप हलवत असतील. ती थोडा वेळ पडद्याकडे बघत उभी राहिली. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण माझ्या बोलण्यावर विश्वास होता. ती खाली गेली. भिंतीवर ऊन पिवळं होऊन विझत आलं होतं, आणि मी पुन्हा तिकडे बघत बसले.

सहाच्या सुमाराला चाचा दुकान बंद करून आले. त्यांचं मोटर भरायचं दुकान आहे. आसपासच्या गावांतल्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे येतात, आणि आमची पेटीसुद्धा त्यांनीच बसवलेली. आई कुंपणाशी उभीच होती. तिनं एवढंच सांगितलं की हे अजून आले नाहीत आणि घंटीही नाही. चाचांनी मोटरसायकल बंदच केली नव्हती. मी स्वेटर घेऊन त्यांच्या मागे बसले.

बाबा नाल्यावर होते. पलीकडच्या काठाला, दगडाला पाठ टेकून, एक पाय लांब करून. ओल्या दगडावरून घसरून घोट्याशी हाड मोडलं होतं. पाय सुजून जांभळा पडला होता. ते घाबरलेले नव्हते, ओरडलेही नाहीत. आम्ही दोघं जवळ गेलो तेव्हा त्यांनी आधी आमच्या मागे, वाटेकडे पाहिलं. मग किती वाजले ते विचारलं. चाचांनी सव्वासहा सांगितल्यावर मान हलवली. मला रडू यायला लागलं होतं आणि त्यांचा हात धरल्यावर तो इतका गार लागला की मी आणखी रडले. चाचांनी त्यांना गुळाचा खडा दिला, पाठीवर घेतलं आणि नाला ओलांडून आणलं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. रात्री तिथंच ठेवलं. आई पलंगापाशी बसून सारखं तेच सांगत होती, की घंटी आलीच नाही हो, मी फोन हातात घेऊन बसली होती. बाबा छताकडे बघत ऐकत होते. ती चहा आणायला गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, "पेटी बिघडली होती काय?"

मी म्हटलं, "नाही बाबा, पेटी नीट होती. पाच वाजता मी सोता पाह्यली."

हे मी खरं समजूनच बोलले. माझी समजूत अशी होती की ते निघताना मोटर बंद करतात आणि तिचा निरोप घरी येतो. म्हणजे घंटी आली नाही याचा अर्थ गडबडीत त्यांच्याकडून काहीतरी राहिलं असेल. शिवाय चार दिवसांपूर्वी मी स्वतः घातलेली लायब्ररी, ती बिघडेल कशी? बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात ठेवून मी घरी कपडे आणायला आले. चाचा दुकानात कोणाच्या तरी मोटरला तांब्याची तार गुंडाळत होते. मी स्टुलावर बसले. ते म्हणाले की सकाळी ते वावरात जाऊन आले, पाइप झाकून आले. मग तार थांबवून त्यांनी विचारलं, "वायर तं काढेल होता बेटी. घंटी कशी नाही गेली?"

मी विचारलं, कोणता वायर.

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं. पेटी बसवली त्या दिवशीच त्यांच्या लक्षात आलं होतं, की पाण्याच्या वायरची पिन उपसली की पेटी गडबडते. मालकानं दिलेल्या नंबरावर फोन लावते आणि लावता लावता स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होते. त्यामुळे फोन दोनदाच वाजतो. पुन्हा सुरू झाल्यावर वायर दिसली नाही तर मग तिचं काही म्हणणं नसतं, ती गप्प बसते. बाबा पडले आणि आईनं घंटीचा हट्ट धरला, तेव्हा चाचांनी ही युक्ती बाबांना दाखवली. निघताना पिन काढायची, वायर खिळ्याला अडकवायची, सकाळी गेल्यावर लावायची. बटण नको, काही नको. पुढे गावातल्या आणखी चार-पाच जणांनी ती उचलली. कंपनीला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. चालत होतं ना.

त्यांचं बोलणं मला दुरून आल्यासारखं ऐकू येत होतं. दुकानात वार्निशचा वास होता, दारातून ऊन आत आलं होतं, त्यात तांब्याची तार चमकत होती. वायर नाही. संख्या मर्यादेबाहेर. कोणी न ऐकलेली ओरड. सगळं कोलमडणार, आणि कोलमडता कोलमडता मालकाला फोन. ती गबाळी, मूर्ख ओरड म्हणजेच आमच्या देवळीतला फोन होता. माझ्या आईच्या चहाचं आधण तिच्यावर चढत होतं. आणि ती मी, हात शिवशिवले म्हणून, पुसून टाकली होती. बाबांनी नेहमीसारखी तीनच्या सुमाराला पिन काढली असणार. नवी लायब्ररी त्यांना काही न बोलता बावीस फूट, बावीस फूट म्हणत बसली, आणि पाच वाजता तेच मी आईला वाचून दाखवलं.

मला स्वतःची किळस आली. मी म्हटलं, पाहते. आणि घरी गेले.

त्याच दिवशी मी पेटीत जुनी लायब्ररी परत घातली. साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी फक्त वडील कसे आहेत ते विचारलं. मी म्हणाले, मला पंधरा दिवस द्या, मी सगळ्या चुका जुळवते.

ते पंधरा दिवस मला अजून स्वप्नासारखे आठवतात. चाचांकडे एक जुनी पेटी सुटे भाग काढायला ठेवलेली होती. ती मी कंपनीनं पाठवलेल्या नव्या पेटीशेजारी त्यांच्या बाकावर मांडली आणि दोघींना फक्त वाकडे प्रश्न विचारत बसले. वायर तोडली, उलटी लावली, ओली करून लावली. चाचांनी उंदरानं कुरतडलेली एक खरी वायर आणून दिली, तीही लावली. गांधीलमाशीनं पेटीत मातीचं घर केलं तर काय होतं, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. विजेचा एक फेज गेला तर जुनी पेटी कशी थरथरते, पाणी गढूळ असलं तर ती काय बरळते. प्रत्येक वेळी जुनी जे ओरडेल तेच, त्याच चुकीच्या शब्दांत, नवीनं ओरडलं पाहिजे. मी ते एकेक करून जुळवत गेले. आता मला त्या गेलेल्या माणसाचा राग येत नव्हता. त्याच्या प्रत्येक चुकीपुढे मी थांबायची आणि विचार करायची, हिच्यावर कोणी काय टांगलं असेल. दुपार कधी सरायची कळायचं नाही. चाचींनी पाठवलेला चहा गार होऊन साय धरायचा.

नवी लायब्ररी पुन्हा पेटीत गेली तेव्हा मी आईला फोन हातात घेऊन ओट्यावर बसवलं आणि स्वतः वावरात जाऊन पिन काढली. मग भराभर चालत परत आले. आई फाटकातच उभी होती. म्हणाली, दोनदा वाजला.

पण मी तिला कारण सांगितलं नाही. पेटी दुरुस्त केली, एवढंच म्हटलं. दवाखान्यातून आल्यावर बाबांनाही सांगितलं नाही. रोज ठरवायची, आज सांगू. रोज सकाळी त्यांच्या पायाखाली उशी ठेवताना शब्द तोंडाशी यायचे आणि मी म्हणायची, चहा आणू का. सात वर्षं पुण्यात राहून, एवढी शिकून, बापाला तीन तास नाल्यात बसवणारी मुलगी मीच, हे माझ्यानं म्हणवत नव्हतं.

घरात काहीतरी बदललं होतं. बाबा आईशी बोलत, पण लागेल तेवढंच. पाणी दे, काठी दे. भाजीत मीठ जास्त झालं तरी खाऊन घेत. पूर्वी त्यावरून दोघांची अर्धा तास करमणूक चालायची. आई त्यांच्यापुढे ताट ठेवून थांबायची, काहीतरी बोलतील म्हणून, आणि मग आत यायची. मला म्हणायची, दुखत असंल त्याहिले. मीही तसंच धरून चालले होते. प्लास्टर आहे तोवर माणूस कुरकुरणार, असं.

प्लास्टर निघालं त्याच्या तिसऱ्या दिवशी बाबा अंगणात काठी टेकत चालून बघत होते. दुपार होती. मी म्हटलं, आता पुढच्या आठवड्यात वावरात जाऊ, घंटी चालू झाली आहे. ते ओट्यावर बसले आणि काठी बाजूला ठेवली.

"घंटी राहू दे बाई," ते म्हणाले. "वाजली काय अन् नाही वाजली काय."

मी विचारलं, काऊन.

 अंगणातल्या कोंबडीकडे बघत ते बोलले, अगदी सावकाश. बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त अवघड होतं. "मी पिन काढली होती. मले पक्कं आठवते, वायर खिळ्याले लटकवला. नाल्यावर पाय मोडला तवा मनात म्हणलं, तासभर बसू, घंटी गेली हाये, येईनच कोणी. तास झाला. दोन झाले. मंग तू म्हणली का पेटी नीट होती. म्हंजे घंटी तं आली असंल. पण दोन वर्सं झाले तिले, रोज रोज घड्याळ पाहाचं. मी म्हणलं, कटाळली असंल. माणूस कटाळते. म्हणून म्या तिले काही इचारलं नाही."

 सहा आठवडे हा माणूस हे उराशी धरून बसला होता, आणि ते माझ्या एका वाक्यावर. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. वायर, पिन, जुनी ओरड, माझी सुधारणा. किती समजलं कोण जाणे, पण शेवटचं समजलं.

"म्हंजे तिले आयकू आलंच नाही?"

"नाही बाबा. फोन वाजलाच नाही. म्या बंद करून ठेवला होता."

 मग त्यांनी विचारलं, "हे तुले कधी समजलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "दुसऱ्याच दिवशी," मी म्हटलं.

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. तेव्हा मला दिसलं की आई दारात उभी आहे. हातात तूर भरलेलं सूप होतं आणि पाखडणं मध्येच थांबलं होतं. ती केव्हापासून तिथं होती माहीत नाही, पण पुष्कळ ऐकलं असावं. ती माझ्यावर ओरडेल म्हणून मी वाट बघितली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

ती बाबांना म्हणाली, "अन् मी कटाळली, हे तुम्हाले खरं वाटलं?"

 बाबांनी खाली बघितलं.

"हाव," ते म्हणाले.

आईनं सूप जमिनीवर ठेवलं आणि त्यांच्याजवळ ओट्यावर येऊन बसली. मी उठून आत गेले.